सप्ताहातले व्याख्यान कसे ऐकावे?

अखंड हरिनाम सप्ताहात काकडा, पारायण, हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन यांच्या जोडीला दुपारी एखाद्या जाणत्या पाहुण्याचे व्याख्यान ठेवण्याची रीत काही गावांनी पाडली आहे. कोणी नदीवर बोलतो, कोणी भूकंपावर, कोणी व्यवहारातल्या सचोटीवर. आपली मंडळी मात्र त्या वेळी मंडपातच आडवी होतात. "आम्हांला हरिकथा हवी, हे मातीदगडाचे शास्त्र कशाला?" असे एका वृद्ध माळकऱ्यांनी आम्हांस तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालायचे नाही.

आमचे म्हणणे असे की, संकटाचा आणि नीतीचा विचार संप्रदायाला नवा नाहीच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान आपण आवडीने ऐकतो, ते दुष्काळाचेच ना? बादशहाच्या कोठारातले धान्य भुकेल्यांना वाटावे, की हुकमाची वाट पाहावी, हा त्यांच्यापुढचा पेच. तुकोबांच्या घरात तर दुष्काळ स्वतःच शिरला. पुढे त्यांनी आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत सोडले, असे चरित्रांत सांगतात. संकट आल्यावर कसे वागावे, हे या कथा शिकवतात. ते येण्याआधी काय करावे, हे सांगायला त्या विषयाचा अभ्यास केलेला माणूस लागतो.

किल्लारीचेच पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले. जाड दगडी भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या, वर मातीचे जड धाबे. ते सारे अंगावर आले आणि हजारो जीव गेले. "प्रारब्ध!" म्हणून मोकळे होणे सोपे आहे बरे. पण दाराच्या वरून चारी भिंतींना बांधून घेणारा पट्टा असता, धाबे हलके असते, तर किती माणसे वाचली असती, हे जाणकार सांगतो तेव्हा प्रारब्धाआड लपायला जागा उरत नाही.

आता आपल्या चंद्रभागेचे. पंढरीत ऊन पडलेले असते, आणि तरी वाळवंटात पाणी चढते. भोळा भाविक चकित होतो. हे पाणी दोन वाटांनी येते. भीमेच्या वरच्या अंगाचे पाणी उजनीच्या धरणात अडते. नीरेवर वीरचे धरण आहे. नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपुराला, म्हणजे उजनीच्या खाली. म्हणून उजनीतून थोडेच पाणी सोडले, तरी वीरमधून सोडलेले पाणी थेट पंढरीकडे येते. वर्तमानपत्रात 'क्युसेक' असा शब्द येतो; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. एवढे समजले की आकडा वाचताना अंगावर काटा येतो.

याच वाटेने आणखीही काही येते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळामुठाही पुढे मिळते, आणि सारे उजनीत उतरते. आळंदीच्या इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण पाहिला आहे. कारखान्यांना आणि शहरांच्या सांडपाण्याला बोल लावावाच; तो खराच आहे. पण नदीवरचे व्याख्यान ऐकून उठलेल्या मंडळींनीच त्या सायंकाळी जेवणाच्या पत्रावळी काठावरून प्रवाहात ढकलल्या, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी वक्त्याला दिलेले श्रीफळ आम्हांला फार जड वाटले.

वक्त्यांनीही थोडे सांभाळावे. जड शब्दांची रास घालू नये, आणि श्रोत्यांना अडाणी समजू नये. ओव्यांचा अर्थ लावणाऱ्याला नदीचा नकाशा कळतो. श्रोत्यांनी शंका विचारावी. कीर्तनात मध्येच विचारता येत नाही, इथे येते. आणि पहिली शंका दिंडीच्या चोपदारांनी विचारावी: आमच्या राहुट्या पडतात ती जागा किती क्युसेकला पाण्याखाली जाते, आणि रात्री उठावे लागले तर कोणत्या वाटेने निघायचे?