पंखाचे पैसे

डिकीवरचा पंख हवा कापतो असं सांगून आपल्याकडे सर्रास खिसा कापला जातो. माझाही कापला गेला आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. पण पैशांपेक्षा जास्त खटकतो तो अ‍ॅक्सेसरीवाल्याचा युक्तिवाद, कारण थोड्याफार फरकाने तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला जातो. रेसच्या गाड्यांना पंख असतो, म्हणजे पंखाने गाडी पळते. कंपन्या स्वतःच वरच्या मॉडेलला स्पॉयलर देतात. आणि ज्यांनी बसवला ते सगळे मायलेज वाढल्याचं सांगतात. मी आकडा मागितला होता. ‘फरक हायवेवर कळेल’ एवढंच उत्तर मिळालं. फरक कळला नाही, तेव्हा तेच तोंड म्हणालं, ‘लूकसाठीच लावतात ना!’ विकताना शास्त्र आणि पैसे परत मागितले की शोभा, हा त्या धंद्याचा खाक्या आहे. म्हणून त्याची तिन्ही विधानं एकेक करून तपासलेली बरी.

आधी हिशोब. हवेचा रोध, म्हणजे ड्रॅग, चार गोष्टींवर ठरतो: हवेची घनता, गाडीचा समोरून दिसणारा आकार किती चौरस मीटर आहे ते, तिच्या घडणीचा रोधगुणांक आणि वेगाचा वर्ग. गुणांक 0.33, समोरचं क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर आणि वजन 1200 किलो अशी एक साधी गाडी धरा. ताशी 40 किलोमीटरला हवा तिला साधारण 54 न्यूटन बळाने अडवते, तर टायरचा रोध त्याच्या दुप्पट, 118 न्यूटनच्या आसपास असतो. साठच्या सुमारास दोघांची बरोबरी होते. शंभरला हवेचा रोध 338 वर जातो आणि एकशेवीसला 487 वर. टायरचा मात्र फारसा हलत नाही. याचा अर्थ सरळ आहे. शहरात, सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला हवेच्या नावाने काहीही बसवा, पेट्रोलच्या बिलात ते दिसणार नाही. समृद्धी महामार्गावर 120 ने जाणाऱ्याला हवेचा हिशोब लागू होतो खरा, पण तिथे चुकीची जोडणी तितकीच महागही पडते.

आता रेसचा दाखला. रेसच्या गाडीचा पंख रोध कमी करण्यासाठी नसतोच. तो गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, म्हणजे वळणावर टायरची पकड सुटत नाही, आणि त्या दाबाची किंमत जास्त रोधाच्या रूपात मोजली जाते. फॉर्म्युला वनच्या गाडीचा रोधगुणांक म्हणूनच आपल्या सेडानच्या दुपटीहून जास्त भरतो. याहून बोलका पुरावा बुगाटी व्हेरॉनचा आहे. पंख उभा असताना तिचा वेग 375 ला रोखला जातो. 407 गाठायचे असतील तर वेगळी किल्ली फिरवून गाडी खाली बसवावी लागते आणि पंख जवळजवळ मिटवावा लागतो. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एकीला वेगासाठी पंख आवरावा लागतो, आणि आपल्या हॅचबॅकला तोच पंख पळवणार म्हणे!

दुसरा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. कंपन्या स्पॉयलर देतात हे खरंच आहे, आणि काही वेळा तो अत्यावश्यकही ठरतो. पहिली ऑडी टीटी 1998 साली आली. जर्मनीत भरधाव वेगात अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही दिली. तिथे रोगच मागचा भाग उचलला जाण्याचा होता. पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7 चा बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलरही त्याच रोगावर आला होता. हॅचबॅकच्या छपराच्या मागच्या कडेला आलेली कंपनीची छोटी पट्टी रोध कमी करू शकते, हेही मान्य. पण ती त्याच बॉडीसाठी वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, मोजून ठरवलेली असते. मोजणं का लागतं, ते 1984 मध्ये अहमद नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं. त्यांनी गाडीसारख्या एका साध्या ठोकळ्याच्या मागच्या उताराचा कोन बदलत नेला. साडेबारा अंशांपाशी रोध सर्वांत कमी, तिथून तीस अंशांपर्यंत चढत जातो आणि तीस ओलांडताच एकदम कोसळतो. दोन-चार अंशांत इतकी उलथापालथ होत असेल, तर ‘कुठल्याही गाडीला चालतो’ असा स्पॉयलर नेमकं काय करेल हे विकणारा कशाच्या जोरावर सांगतो? रोध मुळात अख्ख्या बॉडीच्या घडणीत ठरतो. 1921 च्या रुम्पलर ट्रॉपफेनवागेनची बॉडीच थेंबाच्या आकाराची होती. 1979 मध्ये फोक्सवॅगनच्या बोगद्यात ती तपासली तेव्हा गुणांक 0.28 भरला, लाखोंनी खपलेल्या बीटलचा 0.48 च्या घरात आहे.

राहिलं तिसरं, लोकांच्या मायलेजचं. टाकी कुठवर भरली, टायरमध्ये हवा किती, गाडीत माणसं किती, घाट किती आणि वाहतूक कशी, एवढ्यानेच मायलेजमध्ये जो चढउतार होतो तो कुठल्याही पट्टीच्या परिणामाला सहज गिळून टाकतो. शिवाय पैसे घालवलेला माणूस थोडा जपून चालवतो आणि श्रेय पंखाला देतो. गोळा केलेल्या अशा साक्षींना मोजमाप म्हणत नाहीत.

तर घेणाऱ्यांनो, काही गोष्टी लक्षात ठेवा. नुसता रोधगुणांक ऐकून हुरळू नका, त्याला समोरच्या क्षेत्रफळाने गुणा, 0.33 ची उंच एसयूव्ही 0.33 च्या सेडानपेक्षा जास्तच हवा ढकलते. ‘हवा’, ‘मायलेज’, ‘पिकअप’ हे शब्द कानावर पडले की तोच दावा बिलावर लिहून मागा. लिहून दिला तर ग्राहक आयोगापुढे हातात कागद राहील. दिला नाही तर तिथेच निकाल लागला. टपावरचा कॅरिअर काम झालं की उतरवा. अमेरिकी सरकारच्या आकड्यांनुसार टपावरची मोठी पेटी तिथल्या मोठ्या महामार्गांच्या वेगाला 10 ते 25 टक्के मायलेज खाते. हायवेला काचा वर ठेवा. टायरची हवा वेळोवेळी बघा. रोध वाचवायला ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका, ती बचत जिवावर बेतते. बदल केलेली गाडी कायद्यात आणि विम्यात बसते का, तेही आधी विचारा. शोभेसाठी पंख हवा असेल तर खुशाल घ्या, पण शोभेच्या भावाने घ्या. आणि खरोखर रोध कमी करायचा असेल, तर शंभरवरून ऐंशीवर या. हवेचा रोध एक तृतीयांशाहून जास्त उतरतो आणि त्यासाठी कुणाच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही.