मास्टर कृष्णराव : एका गळ्यापासून अनेक गळ्यांपर्यंत

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ माझे वडील फळांची हातगाडी लावतात. फुलंब्रीकडची गिऱ्हाइके तेथे नेहमी येतात. त्यामुळे फुलंब्री म्हणजे सिल्लोडच्या वाटेवरचे एक गाव, एवढीच माझी ओळख. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका पुस्तकावर ‘कृष्णराव फुलंब्रीकर’ हे नाव दिसले आणि आपल्या भागाचे नाव म्हणून मी ते उघडले. शास्त्रीय संगीत हे ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांचे, अशी तोवर माझी समजूत होती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. मग रागदारीचे नाव कोण काढणार? या पुस्तकाने मात्र मला वेगळाच विचार करायला लावले. तो विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ साली आळंदी येथे झाला. आडनावाने गाव जपले तरी त्यांची कर्मभूमी पुणे हीच झाली. लहानपणी ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून गेले. त्या काळी बालनटाला ‘मास्टर’ म्हणत. ती उपाधी त्यांना जन्मभर चिकटली. पुढे त्यांना गायनाचार्य भास्करबुवा बखले हे गुरू लाभले. भास्करबुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा थोर उस्तादांकडून विद्या मिळवली होती. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर ही तीन घराणी त्यांच्या गळ्यात एकत्र नांदत होती. हा वारसा कृष्णरावांकडे आला. ख्यालात शब्द थोडे आणि रागाचा विस्तार मोठा. आलाप, बोलताना, लयकारी हे सारे एका तयार गळ्याचे काम. कृष्णरावांच्या संगीताची ही पहिली पायरी होय.

१९२२ साली भास्करबुवा निवर्तले. गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताचा भार पुढे कृष्णरावांनी उचलला. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. येथे राग कायम राहिला, पण आता त्याला प्रसंग सांभाळावा लागला. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची व्याकुळता मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळली पाहिजे. तरीही गाणारा गळा बालगंधर्वांचा होता. प्रेक्षकांनी ऐकावे, डोलावे. गावे ते बालगंधर्वांनीच. ही दुसरी पायरी.

तिसरी पायरी बोलपटाची. ‘प्रभात’च्या १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. आपल्या पैठणच्या एकनाथमहाराजांची ही कथा, आणि नाथांच्या भूमिकेत पुन्हा बालगंधर्वच. नंतर ‘अमरज्योती’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे एकाहून एक सरस बोलपट आले. चित्रपटात ‘वन्स मोअर’ घेता येत नाही. काही मिनिटांत गाणे आटोपावे लागते. म्हणून पसारा गेला आणि मुखडा ठसठशीत झाला. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये त्यांनी एकच गाणे अनेक भारतीय भाषांतून फिरवले. १९४१ च्या ‘शेजारी’त हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीची कथा आहे, आणि त्यात सारे गाव मिळून गाते असे समूहगीत आहे. येथे कृष्णरावांची चाल प्रथमच अनेकांच्या तोंडी गेली, असे मला वाटते. १९४२ च्या ‘कुलवधू’ नाटकातही ज्योत्स्ना भोळे यांच्यासाठी त्यांनी सुटसुटीत, भावगीतासारख्या चाली दिल्या.

यापुढची पायरी ‘वंदे मातरम्’ची. या गीताला त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली. राष्ट्रगीत बँडवर वाजले पाहिजे आणि समूहाला गाता आले पाहिजे, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. कृष्णरावांनी तशी स्वररचना सिद्ध केली आणि दिल्लीला जाऊन ती नेत्यांपुढे सादर केली. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले व ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला. त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. पण ज्याने तान शिकलेली नाही त्याला पेलेल अशी चाल रचणे हीसुद्धा विद्याच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आता ज्या ओळीपाशी मी पुस्तक वाचता वाचता थांबलो, ती गोष्ट सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून कृष्णरावांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. तिची ध्वनिमुद्रिका १९५६ साली निघाली. आमच्या घरी दर पौर्णिमेला बुद्धवंदना होते. आजी, आई, शेजारपाजारचे सगळे एका सुरात म्हणतात. तिच्यासाठी तीन घराण्यांची गायकी पचवलेल्या गवयाने आपली विद्या वेचली असेल, हे माझ्या कधी ध्यानीमनीही आले नव्हते. वंदनेत शब्द स्पष्ट हवेत. तेथे तान घेतली तर तान ऐकू येईल आणि शील मागे पडेल. सारे येत असताना थोडेच घेणे, हा संयम मला त्यांच्या शैलीचा कळस वाटतो.

कोणी म्हणेल, हा चढ कसला, ही तर उतरण आहे. मला तसे वाटत नाही. कृष्णरावांनी ख्याल सोडला नव्हता. मैफली गाजवल्या, भारत गायन समाजात शिष्य घडवले, बंदिशी स्वरलिपीसह ‘रागसंग्रह’ पुस्तकमालेतून सर्वांना खुल्या केल्या. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्याला अवघड येते त्यालाच खरे सोपे करता येते, हे त्यांच्या चरित्रावरून मी शिकलो.

हा लेख मी गाडीजवळ उभा राहून वडिलांना वाचून दाखवला. ते तराजू पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे हा माणूस आपल्या फुलंबरीचा?” मी म्हणालो, “नाव फुलंब्रीचं, बाबा. जन्म आळंदीचा.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “असू दे. वंदना तर आपल्या घरात हाय ना?”

माझ्या मते, कोणत्याही संगीतकाराला याहून मोठी पावती नसावी.