रिवेटच दिसेनात!

"गाडीला मारतो तोच रंग, साहेब. मर्सिडीजवाले डोळे झाकून गाड्या देतात माझ्याकडं," असं त्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं मला ऐकवलं आणि आमच्या फ्लाइंग स्कूलच्या व्यवस्थापकांनी मान डोलावली. माझा लेखी विरोध फायलीत गेला आणि सेसना १५२ त्याच्या ताब्यात.

विमान चकाचक झालं, सगळे फोटो काढत होते. मी पंखाखाली वाकून एलेरॉनच्या मागच्या कडेवरून हात फिरवला. हाताला काहीच लागेना! गुळगुळीत दिसावं म्हणून पठ्ठ्यानं पुटी भरून रिवेटची अख्खी ओळ बुजवली होती. रिवेट सैल झाला की भोवती काळपट ओघळ येतो, त्यावरूनच आम्ही दुखणं ओळखतो. ते आता दिसणार कसं? जाब विचारला तर म्हणे, "फिनिशिंगचे वेगळे पैसे लावले नाहीत तुम्हाला."

एलेरॉन उतरवून तोलून पाहिलं. मागची कड मॅन्युअलच्या मर्यादेपलीकडं झुकली. बिजागरीमागं असं वजन चढलं की वेगात फ्लटर, म्हणजे बेफाम थरथर, सुरू होऊ शकतो आणि तो भाग काही क्षणांत तुटू शकतो. मी सही केली नाही. "तुम्ही कामं अडवता," हे मात्र पुढं कित्येक महिने ऐकलं. सगळा रंग उतरवायचा खर्च कुणामुळं झाला, ते कुणी बोलत नाही.

कारखान्यात मोटारीचा रंग भट्टीत भाजून पक्का करतात, खाली बहुधा पोलाद असतं. विमानाच्या ॲल्युमिनियमला आधी अलोडाइन, मग गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, वर लवचीक पॉलियुरेथेन. मोठ्या जेटचा रंग उणे ५५ अंशांची थंडी सोसतो, शिवाय साधा रंग सोलून काढणारं स्कायड्रॉल हे हायड्रॉलिक तेलही.

तेव्हा रंगवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: एलेरॉन, एलिव्हेटर उतरवून रंगवणार की जागेवरच? अडखळला तर परत पाठवा. लोखंडी ब्रश ॲल्युमिनियमला लावू देऊ नका, त्याचे कण रुतून गंज धरतो. फायबरच्या भागांवर रंग उतरवायचं रसायन नको. कोटेशन लेखी घ्या. रंगानंतर विमानाचं वजन आणि गुरुत्वमध्य नव्यानं नोंदवा.

रंगवताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, लावलेली टेप निघाली का, ते तर स्वतः बघा. १९९६ मध्ये एरोपेरूच्या ६०३ क्रमांकाच्या उड्डाणाआधी धुलाईच्या वेळी लावलेली टेप तशीच राहिली. उंची आणि वेग चुकीचे दिसत राहिले, ७० माणसं गेली. टेप भडक रंगाचीच लावायला सांगा आणि काढलेले तुकडे मोजून घ्या. "काढली सगळी" या रंगाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.