पंप पाठीवर घेण्याआधी

लेकरा, या मृगापासून वावर तुझ्या हाती आलं. बी-खताचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला जमतो, त्यात मी बोलत नाही. पण या रानात तू एकटा राहत नाहीस, तेवढं ध्यानात घे. पऱ्हाटीच्या शेंड्यावर, मातीत, धुऱ्यावरच्या लिंबा-बाभळीवर जीवच जीव आहेत आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या कुणावर तरी जगतो. कोण कुणाला खातं आणि कुणाचं खाणं कधी संपतं, एवढं बघायला शीक. मग फवारायचं की नाही, हे तुझं तुलाच कळेल. मला हे कळलं ते पऱ्हाटीत वाकून. निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास पानच असतं. पंप घेऊन सरळ चालणाऱ्याला पानाची मागची बाजू दिसत नाही.

पहिली गोष्ट मुंग्यांची. पऱ्हाटीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली, की शेंड्याची पानं उलटून बघ. तिथं मावा असणारच. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. पण लगेच पंप आणायला पळू नकोस. तिथंच थोडा थांब, आणखी कोण आहे ते बघ. काळपट अंगाची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, मगरीसारखी दिसणारी बारीक अळी फिरत असेल. तिला बघून भले भले शेतकरी दचकतात आणि चिरडून टाकतात. ती ढालकिड्याची पोर आहे, दिवसभर मावा खाते. पानाच्या मागं केसाएवढ्या बारीक देठावर एकेक पांढरं अंडं उभं दिसलं, तर ते क्रायसोपाचं. त्याची अळी मावा, तुडतुडे, बोंडअळीची अंडी, सगळं फस्त करते. ती इतकी खादाड की भावंडांचीही अंडी सोडत नाही, म्हणून आई प्रत्येक अंडं वेगळ्या देठावर ठेवते. दर झाडावर असे एक-दोन मित्रकिडे दिसत असतील, तर चार दिवस दम धर आणि पुन्हा येऊन बघ.

पीक लहान असताना, पहिले दीड-दोन महिने, जहाल औषध मारायची घाई कधीच करू नकोस. बियाण्याला आधीच औषध चोळलेलं असतं, रोपाला सुरुवातीला तेवढं पुरतं. त्या काळात सिंथेटिक पायरेथ्रॉईडचा फवारा मारलास, की मित्रकिडे आधी मरतात आणि मग पांढरी माशी अशी फुटते की आवरत नाही. शत्रू लवकर वाढतो. त्याला खाणारा त्याच्या मागून, सावकाश वाढतो. म्हणून खाणाऱ्याला जपावं लागतं. त्याच्यासाठी कापसाच्या कडेनं चवळीच्या दोन ओळी टाक. चवळीवर मावा लवकर येतो, त्या माव्यावर ढालकिडे वाढतात आणि तिथून ते पऱ्हाटीवर येतात. आपल्याला चार शेंगा मिळतात त्या वेगळ्याच.

आता बोंडअळी. हे नीट ऐक, कारण सेलू, मानवत, पाथरीच्या पट्ट्यात माणसाला बुडवलं ते हिनंच. पूर्वी आपण नांदेड-४४ लावायचो आणि बोंडअळीवर फवारून फवारून हात दुखायचे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं आणि काही वर्षं अळीचं नावही घ्यावं लागलं नाही. मग २०१७ चा हंगाम आला. मराठवाड्यात, विदर्भात बोंडं वरून हिरवीगार आणि आत गुलाबी अळी. लोक म्हणाले, बियाणं खोटं निघालं. मला त्याचं कारण अळीच्या खाण्यात दिसतं. हिरव्या बोंडअळीला, जिला आपण हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो तिला, तूर, हरभरा, टोमॅटो, सगळं चालतं. तिची निम्मी-अर्धी पिलावळ बीटीबाहेर वाढते, बीटीचं विष न पचवणारी राहते आणि विष पचवणाऱ्यांशी तिचा संकर होत राहतो. त्यामुळं तिची पुढची पिढीही बीटीला बळी पडत राहिली. गुलाबीला मात्र जवळजवळ कापूसच लागतो. सगळ्या शिवारात बीटी असेल, तर जी अळी वाचेल ती विष पचवूनच वाचेल आणि तिची जोडीदारीणही तशीच असेल. म्हणून ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी सरकीची वेगळी पुडी यायची. ती कडेनं लावायची होती, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगल्या असत्या. बहुतेक शिवारांत ती पुडी धुऱ्यावरच फेकली गेली. आता बऱ्याच पिशव्यांत ते बी मिसळूनच येतं. वेगळी पुडी मिळाली तर ती लाव, फेकू नकोस.

पण जे तिचं बळ, तीच तिची अडचण. कापूसच लागतो, म्हणजे कापूस नसेल तेव्हा तिची उपासमार. तुझ्या हातातलं सगळ्यात मोठं औषध हेच आहे आणि ते बाटलीत मिळत नाही. डिसेंबर संपला की पऱ्हाटी काढ. फरदडीच्या चार वेचण्यांचा मोह धरू नकोस. भाव चढला, पाणी आलं, सगळे ठेवतायत, तरी धरू नकोस. उभ्या फरदडीत तिच्या आणखी पिढ्या निघतात आणि शेवटच्या कवड्यांत, सरकीत ती सुप्त पडून राहते. पऱ्हाटीचं सरपण घराशेजारी रचायचं असेल, तर आधी वाळकी बोंडं झाडून काढ आणि नष्ट कर. मे महिन्यात ठिबकवर कापूस लावण्याची जी हौस आहे, तिचंही तेच. उन्हाळ्यात सुप्तावस्थेतून निघालेला पतंग कळी शोधत असतो. तुझी कळी आधी आली, की त्याला पहिलं घर तुझंच सापडतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन ओली होऊ दे, मग टोब. तोवर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला कळी मिळत नाही.

आणि हे तू एकट्यानं करून भागत नाही. शेजाऱ्याच्या फरदडीतला पतंग धुरा ओळखत नाही. पारावर बोलायचं असेल तर हे बोल. गावात जिनिंग असेल, तर तिथं साठलेल्या सरकीतूनही पतंग निघतात, तिथंही सापळे लावायला सांग.

फुलं लागली की सकाळी फेरी मार. पाकळ्या पूर्ण न उमलता एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखं फूल दिसलं, तर ती डोमकळी. तोड, उघड, आत बारीक अळी सापडेल. ती तिथंच चिरड. हेक्टरी ५ कामगंध सापळे लाव आणि रोज मोज. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस आले, तर फवारणीचा विचार कर. पण त्याआधी वावरातून फिरून २० हिरवी बोंडं तोड आणि फोडून बघ. बोंडात शिरताना अळीनं केलेलं छिद्र बुजून जातं, वरून काही कळत नाही, म्हणून फोडायचंच. २० मध्ये २ बोंडांत अळी निघाली म्हणजे १० टक्के झाले, आता थांबायचं नाही. त्याच्या खाली असेल तर थांब.

लिंबाचं झाड तोडायची गोष्ट मध्यंतरी तू काढली होतीस, सावलीनं पीक खुरटतं म्हणून. तोडू नकोस. त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो आणि तो रात्री उंदीर टिपतो. तसंच धामण दिसली तर काठी उचलू नकोस. जिथं धामणी मारल्या, तिथं धुरे उंदरांनी पोखरले. लिंबाचं आणखी एक काम आहे. वळवाचा, मृगाचा पहिला पाऊस झाला की त्याच संध्याकाळपासून मातीतून हुमणीचे भुंगे निघतात आणि लिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. पाला खातात, तिथंच जोडी जमते आणि पहाटेआधी मादी मातीत उतरून अंडी घालते. म्हणजे सगळं शिवार सोडून भुंगा आपणहून तुझ्या हाताशी येतो. आकड्याची काठी घेऊन फांद्या हलव, खाली पडलेले गोळा कर, रॉकेलच्या पाण्यात टाक. पहिल्या पावसानंतरचे काही दिवसच हे जमतं. अंडी मातीत गेली की वर्षभर मुळं कुरतडलेली बघायची. जिंतूरकडच्या हलक्या जमिनीत हा त्रास जास्त, पण आपल्याकडंही सोयाबीन, उसात तो आहे. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलंस, तर त्यातूनही हुमणी येते, म्हणून उकिरडा पुरता मुरू दे. आणि नांगरट, वखरपाळी दिवसा कर. मागून बगळे, साळुंक्या येतात आणि उघड्यावर पडलेल्या अळ्या वेचून खातात.

सोयाबीन, मूग फुलावर यायच्या आधी एक रोप मुळासकट अलगद उपट. मुळाच्या गाठी नखानं फोडून बघ. आत लालसर-गुलाबी रंग असेल, तर जिवाणू हवेतला नत्र झाडाला देत आहेत. मग युरिया टाकू नकोस, पैसे वाया जातील. गाठी हिरवट किंवा पांढऱ्या असतील, तर पुढच्या पेरणीला रायझोबियम चोळायला विसरू नकोस.

रब्बीत हरभरा पेरताना त्यात मूठभर ज्वारी विखरून टाक. हरभऱ्याच्या वर निघालेल्या ताटांवर कोतवाल बसतो, साळुंकी बसते आणि घाटेअळी टिपते. ताटं विरळ उगवली तर जागोजाग काठ्या रोव, तेच काम होतं. घाटेअळीला रोगही होतो. शेंड्याला मागच्या पायांनी धरून उलटी लटकलेली, काळवंडलेली, हात लावताच फुटणारी अळी दिसली, तर ती विषाणूनं मेलेली. तिला फेकू नकोस. अशा अळ्या गोळा कर, पाण्यात चुरड, फडक्यानं गाळ, त्यात थोडी नीळ घाल आणि संध्याकाळी फवार. हा विषाणू उन्हात मरतो, म्हणून नीळ आणि म्हणून संध्याकाळ. दोन-चार दिवस अळी मरताना दिसणार नाही. धीर धर, कारण हा रोग घाटेअळीलाच होतो. ढालकिडा, मधमाशी, पाखरू, कुणाचंच त्यानं काही बिघडत नाही. गोळा करायला अळ्या पुरेशा मिळाल्या नाहीत, तर तयार विषाणू विकत मिळतो. त्याची चौकशी परभणीच्या कृषी विद्यापीठात कर. ते १९७२ च्या १८ मे ला निघालं. दर वर्षी त्या दिवशी तिथं खरिपाचा मेळावा असतो आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, रब्बीचा. त्या दोन तारखांना बाकीची कामं ठेवून जा. शास्त्रज्ञांना विचारताना नुसतं ‘अळी पडलीय, काय मारू’ असं विचारू नकोस. अळी डबीत घालून सोबत ने, ती कुठल्या पानावर होती आणि तिच्याजवळ आणखी कोण होतं ते सांग.

पाखरांना बसायला अशाच काठ्या ज्वारीच्या वावरात रोवल्या असतील, तर त्या मात्र कणसात दूध भरायला लागलं की काढून घे. तोवर अळ्या खाणारं पाखरू तेव्हा दाण्यावर बसतं.