बिनतारी निरोप : हौदापासून घरापर्यंत
(पाठ पहिला)

आपल्या नगर जिल्ह्यांत विहिरीच्या पाण्यावर बागाईत करणाऱ्या शेतकऱ्याचा एक त्रास सर्वांस ठाऊक आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें येते. पाळी रात्रीची असली म्हणजे हौद भरला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घरांतील कोणास तरी अंधारांत मळ्यांत जावें लागतें. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत उंसाच्या फडांतून बिबट्याचा वावर वाढल्यापासून ही फेरी नुसती कष्टाची राहिली नसून जिवावरची झाली आहे. सौर योजनेमुळें कांहीं वाहिन्यांवर दिवसा वीज मिळूं लागली आहे हें खरें. परंतु ज्यांस ती अद्याप मिळत नाहीं त्यांची अडचण कायमच आहे.

मोटार घरूनच चालू व बंद करण्यासाठीं पुष्कळांनीं सिमकार्डाचे मोबाईल स्टार्टर बसविले आहेत. पण स्टार्टर असतो विहिरीवर, आणि हौद असतो शेताच्या उंच टोकास. हौदांत पाणी किती झालें याची खबर स्टार्टरला नसते. ही खबर घरीं आणण्याचें काम दोन लहान मायक्रोकंट्रोलर बोर्डांकडून, तारेवांचून व दरमहाच्या रिचार्जवांचून, करून घेतां येतें. तें कसें करावें याचा हा पहिला पाठ आहे.

थोडी पूर्वपीठिका

बिनतारी विद्या आपल्या मुलखास नवी नाहीं. १९२७ सालीं पुण्याजवळ किरकी येथें निरोप धाडण्याचें व दौंड येथें निरोप घेण्याचें, अशीं दोन केंद्रें उभारून हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें बिनतारी संदेशवाहतूक सुरू झाली. दौंड म्हणजे आपल्या श्रीगोंदे तालुक्यासमोर, भीमेच्या पलीकडील कांठचें गांव. धाडण्याचें व घेण्याचें यंत्र वेगळें ठेवावें, आणि एकानें बोलावें व दुसऱ्यानें ऐकावें, ही त्या वेळची व्यवस्था नवशिक्यास आजही उत्तम. पहिल्याच दिवशीं दोन्ही बोर्डांस बोलणें व ऐकणें शिकवूं गेल्यास चूक कोणत्या बाजूस आहे हेंच कळत नाहीं.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चकतीवर मावणारा लहानसा संगणक. तो बाहेरचा खटका वाचतो, दिवा लावतो, आणि दिलेली आज्ञावली न थकतां पुन्हां पुन्हां करीत राहतो. २००५ सालीं इटलींत आर्डुइनो नांवाचा बोर्ड विद्यार्थ्यांसाठीं निघाला, तेव्हांपासून ही विद्या हौशी माणसाच्या आटोक्यांत आली. पुढें ईएसपी-३२ सारखे बोर्ड निघाले. शाळेंत जाणारा मुलगा घरांत असेल तर त्यास या कामीं अवश्य जोडीस घ्यावें.

कोणती लहर घ्यावी

बाजारांत तीन प्रकारचे बिनतारी मॉड्यूल प्रामुख्यानें दिसतात.

(१) २·४ गिगाहर्ट्झचे. एनआरएफ-२४ हें मॉड्यूल व ईएसपी-३२ मधील अंगचा रेडिओ या वर्गांत येतात. हे स्वस्त व वेगवान असतात. परंतु यांची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांबीची असून ओल्या पानांत ती फार लवकर जिरते. घर व गोठा यांमध्यें हे ठीक. उभ्या उंसापलीकडे यांचा भरंवसा धरूं नये.

(२) ४३३ मेगाहर्ट्झचे. हे दूर पोंचतात. पण आपल्याकडे या पट्ट्याची परवानामुक्त सवलत घरांतील वापरापुरती व अगदीं अल्प शक्तीची आहे. सबब शेतासाठीं हे घेऊं नयेत.

(३) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचे. हा पट्टा २००५ सालच्या नियमांनीं आपल्या देशांत परवान्यावांचून वापरण्यास खुला झाला, व २०२१ सालीं त्याची वरची मर्यादा ८६८ पर्यंत नेण्यांत आली. धाडण्याच्या शक्तीची मर्यादा एक वॅट आहे. आपलें मॉड्यूल एक दशांश वॅटपर्यंतच जातें. यंत्र प्रमाणित असावें अशीही अट असल्यानें विकत घेतांना तेवढें विचारून घ्यावें.

या तिसऱ्या पट्ट्यांत ‘लोरा’ नांवाची पद्धत शेतासाठीं सोयीची आहे. तींत निरोप सावकाश व पसरून धाडला जातो, त्यामुळें फार क्षीण झालेला निरोपही ओळखतां येतो. मॉड्यूलवरील चिप एसएक्स-१२७६ असावी. तिच्यासारखीच दिसणारी एसएक्स-१२७८ ही ८६६ पर्यंत पोंचतच नाहीं, आणि दुकानांत पुष्कळदां तीच हातीं पडते. अमेरिकेंत चालणारा ९१५ चा आंकडाही आपल्याकडे वापरावयाचा नाहीं. आज्ञावलीच्या तयार नमुन्यांत तो लिहिलेला आढळतो. तो खोडून ८६६ करावा.

सामग्री व जोडणी

३·३ व्होल्टवर चालणारे दोन बोर्ड, दोन लोरा मॉड्यूल, ८६८ चे दोन अँटेना, हौदासाठीं एक फ्लोट स्विच, तीन रंगांचे दिवे व दोन बॅटऱ्या एवढी सामग्री पुरे. मॉड्यूल व बोर्ड यांमध्यें आठ तारा जातात : पुरवठ्याच्या दोन, निरोपाच्या चार, एक नव्यानें सुरुवात करविण्याची व एक इशाऱ्याची. पुढील तीन गोष्टी नीट लक्षांत ठेवाव्या.

पहिली, अँटेना जोडल्यावांचून मॉड्यूलला कधींही बोलावयास लावूं नये. बाहेर न गेलेली शक्ति उलटून मॉड्यूल निकामी होण्याचा संभव असतो.

दुसरी, जुन्या आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या तारांवर ५ व्होल्ट असतात, आणि हें मॉड्यूल ३·३ व्होल्टचें आहे. मधें व्होल्ट उतरविणारा भाग न घालतां तो बोर्ड यास जोडूं नये.

तिसरी, विकतचा अँटेना हरवल्यास सरळ तांब्याची तार चालते. मात्र तिची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असावी. ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारें ३४·६ सेंटिमीटर असते. तेव्हां तार ८·६ सेंटिमीटर तोडावी. लांब तार म्हणजे लांब पल्ला, अशी समजूत करून घेऊं नये.

पहिला धडा टेबलावर, दुसरा अंगणांत, तिसरा शेतांत

दोन्ही बोर्ड प्रथम एकाच टेबलावर हातभर अंतरावर मांडावे. आज्ञावलीसंग्रहांत ‘धाडणारा’ व ‘घेणारा’ असे दोन तयार नमुने मिळतात. पहिला दर कांहीं सेकंदांनीं एक आंकडा धाडतो : १, २, ३, ४. दुसरा तो संगणकाच्या पडद्यावर छापतो. दोहोंकडे पट्टा, रुंदी व पसरण यांचे आंकडे तंतोतंत एकच असले पाहिजेत. रुंदी १२५ किलोहर्ट्झ व पसरण ७ यांपासून सुरुवात करावी.

आंकडे दिसूं लागले म्हणजे फ्लोट, दिवे, बॅटरी यांची घाई न करतां एक वही घ्यावी. घेणारा बोर्ड प्रत्येक निरोपाबरोबर त्याचें बळही सांगतो. तें ऋण आंकड्यांत असतें. ऋण ६० म्हणजे जोमदार, व ऋण १२० च्या जवळ गेलें कीं निरोप गळूं लागतात. अंगणांत, वेशीशीं, बांधावर व हौदावर अशा प्रत्येक ठिकाणीं शंभर निरोप धाडून किती पोंचले व त्यांचें बळ किती होतें हें वहींत टिपावें. ही नोंद एकदां ऊंस लहान असतांना, एकदां पूर्ण वाढल्यावर, व एकदां पाऊस पडून पानें ओलीं असतांना करावी. उन्हाळ्यांत चाललेली वाट श्रावणांत बंद पडावी यांत नवल कांहीं नाहीं. अँटेना पिकाच्या डोक्यावर, पंधरा फुटी बांबूस बांधल्यानें जो फरक पडतो तो महागड्या मॉड्यूलनेंही पडत नाहीं.

निरोपांत काय असावें

निरोप थोडका असावा. त्यांत चार गोष्टी पुरेत : कोणाचा निरोप, कितवा निरोप, हौद भरला कीं नाहीं, आणि बॅटरी किती उरली. ‘कोणाचा’ हें नसेल तर शेजाऱ्याचा हौद भरल्यावर आपली मोटार बंद होईल. ‘कितवा’ हें नसेल तर मधले निरोप गळाले हें कधींच कळणार नाहीं.

फ्लोटची तार अशी जोडावी कीं हौद रिकामा असतांना मंडल जुळलेलें व भरल्यावर तुटलेलें राहील. पुढें उंदरानें तार कुरतडली तरी यंत्र ‘भरला’ असेंच म्हणेल व मोटार थांबेल. चूक व्हावयाचीच असेल तर ती निर्धोक बाजूस व्हावी, अशी जोडणी सर्वत्र करीत जावी.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकानें प्रथम हें यंत्र बसविलें तेव्हां घरीं दोनच दिवे ठेविले होते : हिरवा म्हणजे हौद भरत आहे, तांबडा म्हणजे भरला. पंधरा दिवस काम उत्तम चाललें व घरांत सर्वांचा त्यावर विश्वास बसला. रब्बीच्या एका रात्रीं मोटार चालू करून आम्ही हिरवा दिवा पाहून निजलों. पहांटे पाहतों तों दिवा हिरवाच. मळ्यांत गेल्यावर दिसलें कीं हौद केव्हांच भरून वाहिला होता, खालचें कांद्याचें रोप वाहून गेलें होतें, विहीर तळास गेली होती, आणि पाणी संपल्यावरही फिरत राहिलेल्या मोटारीचें वायंडिंग जळलें होतें. हौदावरच्या बोर्डाची बॅटरी मध्यरात्रीपूर्वींच संपली होती. त्यानें शेवटचा जो निरोप धाडला तो ‘भरत आहे’ असा. आणि घरचा बोर्ड तोच जुना निरोप रात्रभर खरा धरून बसला होता.

दोष ना रेडिओचा, ना बॅटरीचा. बॅटरी कधीं तरी संपणारच. दोष आमच्या समजुतीचा होता. निरोप न येणें म्हणजे ‘सर्व ठीक’ असें आम्हीं मानलें होतें. वास्तविक त्याचा अर्थ ‘कांहीं कळत नाहीं’ एवढाच होतो. घरचें माणूस सांजवेळीं परत आलें नाहीं तर आपण तें सुखरूप आहे असें समजून दार लावून घेत नाहीं. मग यंत्राच्या बाबतींत तरी तसें कां करावें?

त्यानंतर तिसरा, पिवळा दिवा आला. हौदावरील बोर्ड दर मिनिटास एक निरोप धाडतो. लागोपाठ तीन मिनिटें निरोप आला नाहीं कीं हिरवा दिवा विझून पिवळा लागतो व भोंगा वाजतो. पिवळा लागला कीं मोटार बंद करावयाची, व चौकशी सकाळीं करावयाची, असा घरचा नियम आहे. तिहींपैकीं एक दिवा नेहमीं लागलेलाच असला पाहिजे. एकही नसेल तर घरचाच बोर्ड बंद पडला असें समजावें. वाचकांनीं या पाठांतून दुसरें कांहीं न घेतलें तरी हा पिवळा दिवा अवश्य घ्यावा.

मोटारीस हात केव्हां लावावा

दिवा लावणें व मोटार चालविणें यांत मोठें अंतर आहे. बोर्डानेंच मोटार बंद-चालू करावी अशी इच्छा होणें साहजिक आहे; पण एक हंगामभर नुसत्या दिव्यांवर काम नीट चालल्यावांचून त्या वाटेस जाऊं नये. पुढें गेल्यावरही हुकूम धाडून भागत नाहीं. विहिरीवरच्या बोर्डाकडून ‘हुकूम मिळाला’ अशी पोंच परत आली पाहिजे. शिवाय निरोप तुटतांच मोटार आपोआप थांबेल अशी योजना विहिरीवरच असावी. पाणी संपल्यावर मोटार थांबविणारें संरक्षण स्टार्टरमध्यें स्वतंत्र असावें. तें बिनतारी यंत्रावर सोंपवूं नये. थ्री फेजच्या तारांचें काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावें.

आकाश सर्वांचें

शेवटीं शेजारधर्माची एक गोष्ट. पसरण ७ असतां वीस अक्षरांचा निरोप सुमारें ५७ मिलिसेकंदांत संपतो. पसरण १२ केल्यास त्यासच सुमारें १·३ सेकंद लागतात. पल्ला वाढतो, पण तेवढा वेळ ती वाट इतरांस बंद होते. एका शिवारांत तीस शेतकऱ्यांनीं दर मिनिटास एक निरोप धाडला, तर पसरण ७ वर मिनिटांतले पावणेदोन सेकंदही भरत नाहींत. पसरण १२ वर मात्र सुमारें ३९ सेकंद भरतात व निरोप एकमेकांवर आदळून फुकट जातात. पाटाचें पाणी जसें पाळीनें घ्यावें तसेंच हें आहे. सबब आधीं अँटेना उंच करावा, पसरण शेवटीं वाढवावी, आणि प्रत्येकानें आपल्या निरोपाची वेळ दोन-चार सेकंद मागें-पुढें होत राहील अशी ठेवावी.

हा पाठ जमला म्हणजे फ्लोटच्या जागीं जमिनीची ओल मोजणारें साधन बसवितां येईल. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें हवामान व पीक पाहून पाण्याचें मान सांगणारें ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हें साधन शेतकऱ्यांसाठीं केलें आहे. त्याच्या सल्ल्याशीं आपल्या जमिनीची ओल ताडून पाहणें हा पुढील अभ्यासाचा उत्तम विषय होय. तूर्त मात्र दोन बोर्ड, एक वही व तीन दिवे एवढेंच घेऊन आरंभ करावा. यंत्राचें बोलणें समजण्यास वेळ लागत नाहीं. त्याचें मौन ओळखूं लागल्यावरच त्याच्या भरंवशावर रात्रीं निजावें.