चेहरा लाल झाला तर होऊ द्या



रविवारच्या मिस्सात पहिले वाचन कोण करणार, असे विचारले की मागच्या बाकांवरची काही तरुण मंडळी खाली पाहू लागतात. त्यांना वाचता येत नाही असे नाही. पण चारचौघांसमोर उभे राहिले की कान तापतात, चेहरा लाल होतो, घशाला कोरड पडते आणि लोक हसतील अशी धास्ती वाटते. याच धास्तीपायी काही जण लग्नसमारंभ टाळतात, नोकरीची मुलाखतही सोडून देतात. 'लाजाळू आहे' म्हणून आपण विषय संपवतो. सोसणारा मात्र एकटाच सोसत राहतो.

असे का होते? मन संकोचले की चेहऱ्यातील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे जास्त रक्त येते आणि ऊब जाणवते. हे आपल्या हातात नसते. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात या विषयावर एक प्रकरणच लिहिले. लाली रोखायची धडपड केली की लक्ष स्वतःकडेच जाते आणि ती उलट वाढते, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे.

शिवाय आपल्याला वाटते तितके लोक आपल्याकडे पाहत नसतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. ज्याची लाज वाटावी असा टी-शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला इतरांच्या खोलीत पाठवले. निम्म्या जणांनी तरी तो पाहिला असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच तो लक्षात आला होता. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर तर लाली दिसते कमी, जाणवते जास्त.

मग काय करावे?

१. लाली लपवू नका. घामाच्या भीतीने त्रासलेल्या एका तरुण डॉक्टरला व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी सांगितले, की आज लोकांना मुद्दाम भरपूर घाम काढून दाखवायचे ठरव. त्याची भीती गेली. आपणही मनाशी म्हणावे, 'होऊ दे लाल!'

२. लक्ष बाहेर वळवा. मी कसा दिसतो याऐवजी समोरचा काय म्हणतो, वाचनाचा अर्थ काय, याकडे पाहा.

३. पायरीपायरीने जा. आधी घरी मोठ्याने वाचा, मग लहान गटात प्रार्थना चालवा, मग वाचनमंचावर या. टाळल्याने भीती वाढते, सामोरे गेल्याने ओसरते.

४. रोजचे जगणेच अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आता थोडे आपल्या सर्वांसाठी. 'बघा, कशी लाल झाली!' हे वाक्य आपण गमतीने बोलतो, पण ते पोर पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. मोशेनेही आपली जीभ जड असल्याचे सांगितले होते (निर्गम ४:१०). तेव्हा देवाने त्याच्या सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला. या आठवड्यात आपल्या घरातील, आपल्या बाकावरील अशा एकाचा आपण अहरोन होऊ या. त्याच्या शेजारी उभे राहू या आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत शांतपणे ऐकू या.