कटला आपला, पण मूळचा गंगेकडचा

मैत्रिणींनो, गटाने तलाव ठेक्याने घेतला की बीज येतं ते बहुतेक कटला, रोहू, मृगळचंच. हे मासे देशातलेच, पण मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे. आपल्या तलावांत माणसाने आणून सोडलेले. कटला वर चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी, म्हणून एकत्र वाढतात. अंडी मात्र पावसाळ्यात वाहत्या नदीत घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन यांचं प्रजनन साधलं, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होतं. म्हणजे आपल्याला दरसाल विकतच घ्यायचं.

मरळ, झिंगे, बारीक मासोळी तलावात आपोआप वाढते. बीज सोडण्याआधी ‘बिनकामाचे मासे मारा’ म्हणून मोहाची ढेप टाकायला सांगतात. स्वतःच्या शेततळ्यात ठीक आहे. गावतलावात टाकण्याआधी बैठकीत विचारा, की कालवणाला मासोळी कोण कोण तिथूनच आणतं? बारीक मासा काट्यासकट खातो, लेकरांना त्यातून कॅल्शियम मिळतं. कटल्याचे काटे आपण टाकून देतो.

मरळ बीज खाते, ही तक्रार खरी. त्यासाठी जिरे न घेता चांगली बोटभर बोटुकली घ्या. महाग पडते, पण जगते. आणि ती मरळ बाजारात बहुधा कटल्याहून जास्त भावाने जाते.